लहानपण कुणाचं?



आमच्या आण्याला रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत उठली, की पारावर जुन्या गोष्टी रंगतात. विहिरीतल्या उड्या, चोरून खाल्लेली बोरं, रानोमाळ भटकणं. "आताच्या पोरांना कुठलं असलं लहानपण!" मीही हे कौतुकानं ऐकत आले. सांगणारे सगळे पुरुष असतात हे मात्र फार उशिरा ध्यानात आलं. (समाजकार्याची पदवी घेऊनही!)

मग आजीला विचारलं. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. १९४९ पासून कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १५ होतं, पण कायद्याला आण्याचा घाट चढायला वेळ लागला असावा. सासरी जाताना तिनं ओच्यात पाच सागरगोटे बांधून नेले होते. सासूनं ते आठवड्यातच फेकून दिले. आजी हे हसत सांगते, आणि पाचांतला एक थोडा चपटा होता हेही तिला आठवतं.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. आठ वर्षांची माझी आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर तिथंच बसायची. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव तिला आठवते, खेळ एकही आठवत नाही. शाळा सुटली ती सुटलीच. मी शिकले, ते आईनं घरात भांडण काढलं म्हणून. तरी शाळेआधी हंड्याच्या दोन खेपा माझ्याच होत्या. तालुक्यात एवढी धरणं, पण पठाराच्या डोक्यावर पाणी चढत नाही. ते बायका-मुलींनीच चढवायचं.

म्हणजे काळ बदलला नाही असं नाही. १९७८ मध्ये लग्नाचं वय १८ झालं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. गेलेल्या लहानपणासाठी उसासे टाकताना या बावीसजणींना कुठं बसवायचं?

माझी भाची नववीत आहे. तिला सायकल आहे, मोबाइल आहे, हंडा नाही. पण दिवस कलला की तिनं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. कारण बिबट्या. जुन्नर तालुक्यात ही भीती खोटी नाही, माणसं दगावली आहेत. तिचा भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळतो.

परवा जेवताना तिनं विचारलं, "बिबट्याला दादा दिसत नाही का?"

सगळे खाली मान घालून जेवत राहिले. मीसुद्धा.