एकटा श्रावण पुरत नाही

गटारी उरकली की ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कितीतरी घरांतले पुरुष महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. 'आपण श्रावण पाळतो' हे ते अभिमानाने सांगतात, आणि त्यामागचा निर्धार खराच असतो. पण ज्या घरात पाळणा हलण्याची वाट पाहिली जातेय, तिथल्या पुरुषाला एकटा श्रावण पुरत नाही. शुक्राणू घडायला सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात, पक्व व्हायला आणखी दहा-पंधरा. म्हणजे हिशेब तीन महिन्यांचा. आज तपासलेल्या नमुन्यात तीन महिन्यांपूर्वीची जागरणं, तेव्हाचा तापाचा आजार, तेव्हाचं व्यसन उतरलेलं असतं. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास पाळणाऱ्या आजीला हा काळ मोठा वाटणार नाही. नातवाला मात्र तो कुणी सांगितलेलाच नसतो.

वाशी-नेरूळच्या कुठल्याही वंध्यत्व उपचार केंद्रात बाकावर बसलेल्या जोडप्याकडे पाहावं. तिच्या मांडीवर जाडजूड फाइल: सोनोग्राफ्या, थायरॉइड, नळ्यांची तपासणी, कधी भूल देऊन केलेली लॅप्रोस्कोपीसुद्धा. त्याचा कागद एखादाच, आणि तोही पुष्कळदा सगळ्यात शेवटी आलेला. खरं तर मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं, कधी जोडीला. त्याच्या तपासणीत सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवसांचा संयम आणि प्लास्टिकची एक छोटी डबी, एवढंच लागतं. तरीही आधी तिला टेबलावर झोपवायचं, हा अन्याय आहे. पहिल्याच भेटीत दोघांच्या हातात दोन चिठ्ठ्या पडायला हव्यात.

या उशिराचं मूळ भाषेतही सापडतं. बाईला हिणवायला 'वांझ' हा शब्द तयार आहे. पुरुषाच्या वाट्याला जो शब्द येतो तो थेट नामर्दपणाचा, आणि तो वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे. शरीरसंबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाचे शुक्राणू कमी असू शकतात, अजिबात नसूही शकतात. या गोंधळापायी माणसं डबी हातात घ्यायलाच घाबरतात.

नामर्द ठरण्याच्या याच भीतीचा बाजार काही व्यायामशाळांत भरतो. छाती रुंद व्हावी म्हणून पंचविशीतली मुलं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. हेच इंजेक्शन जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या २७१ पुरुषांपैकी १५७ जणांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती परत सुरू होते, पण त्यात कित्येक महिने जातात, कधी वर्षही उलटतं. लग्न ठरलेल्या मुलाला हे व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाने सांगायला हवं, आणि त्याने नाही सांगितलं तर घरच्या डॉक्टरने विचारून घ्यायला हवं.

तंबाखूचं दुखणं जुनंच. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, पण वाशीच्या एपीएमसीत माल उतरवून ट्रकच्या सावलीत बसलेल्या माणसाच्या तळहातावर तंबाखू-चुना मळला जातोच. तंबाखूने कॅन्सर होतो हे त्याला ठाऊक असतं, पुडीवर चित्र असतं, खारघरला टाटाचं केंद्र आहे. मात्र धूम्रपानाने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्या डीएनएला इजा होते, आणि चघळण्याच्या तंबाखूचाही वीर्यावर वाईट परिणाम दिसलेला आहे, हे कुठल्याच पुडीवर लिहिलेलं नसतं.

महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कमधली गोष्ट वेगळी. तिथे अमेरिकेच्या घड्याळावर काम चालतं आणि झोप दिवसा, तुकड्यातुकड्यांत होते. शिकागोत २०११ साली झालेल्या छोट्या अभ्यासात दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलं. उष्णतेचंही तसंच. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती त्यांना शरीराहून दोन-चार अंश थंडावा हवा असतो म्हणून. न्यूयॉर्कमधल्या २००५च्या एका अभ्यासात तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवल्यावर तिथलं तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलं. लॅपटॉप टेबलावर ठेवता येतो. पण तळोज्याच्या भट्टीपुढे आठ तास उभं राहणारा किंवा इंजिनाच्या तापात ट्रक हाकणारा काय करणार? त्याला नुसता सवयी बदलण्याचा उपदेश करून भागणार नाही. त्याच्या पाळ्या आणि कामाच्या जागेतली हवा मालकानेच बदलायला हवी.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. सवयींवर बोट ठेवता ठेवता आता नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात अर्थ नाही. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, वयात आल्यावर झालेले गालगुंड, जन्मजात दोष, ही कारणं कुठल्याही निर्व्यसनी माणसाच्या वाट्याला येतात आणि त्यांना उपचारच लागतात. तंबाखू सोडूनही आकडा हलला नाही तर तो त्याचा गुन्हा नव्हे.

शिवाय एका अहवालावरून निकाल लागत नाही. त्याच माणसाचे आकडे दोन नमुन्यांत बरेच वेगळे येऊ शकतात. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात, आणि सवय बदललेल्याला साधारण तीन महिन्यांनी. गणपतीत तंबाखू सोडलेल्याची ही डबी मार्गशीर्षात भरायची असते. नमुना घरी घेतला तर तो अंगाच्या उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवावा लागतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची सकाळची गर्दी धरून घरातून निघायची वेळ आदल्या रात्रीच ठरवून ठेवलेली बरी.