मतपेटीआधी यादी दाखवा

शहरातल्या मोकळ्या जमिनीचे काय करायचे ते शहरालाच विचारा, असे एक मत सध्या हैदराबादेतल्या आमच्या जामबाग-काचीगुडा भागातल्या मराठी बैठकांत मोठ्या दिमाखात फिरते आहे. ते मांडणारे गृहस्थ व्यासंगी आहेत, बोलतातही छान, आणि मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले की दर खेपेला सोबत एक सुधारणा आणतात. मागच्या खेपेला कचऱ्याचे रंगीत डबे आणले होते. या खेपेला सार्वमत आणले आहे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कांचा गचीबोलीच्या ४०० एकरांवर २०२५ च्या मार्चअखेरीस बुलडोझर आले, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला झाडतोड थांबवावी लागली. हे सगळे का झाले? लोकांना विचारले नाही म्हणून. लॉस एंजेलिसने १९५८ साली बेसबॉलच्या स्टेडियमसाठी जमीन द्यावी की नाही यावर शहरभर मतदान घेतले. ‘होय’वाले जिंकले, स्टेडियम झाले, वाद मिटला. आपणही प्रत्येक मैदानाचा निकाल असाच लावावा, फोनवरून लावावा, ओटीपी येईल, बटण दाबावे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे दोन मित्रही होते, म्हणून हे लिहावे लागते आहे.

फोनवरचे मतदान एका वाक्यात सोडून देतो: ज्या घरात एकच फोन आहे तिथे मतही एकच, आणि तेही फोन ज्याच्या खिशात त्याचे. लोकांच्या उत्साहाबद्दल बोलायचे तर डिसेंबर २०२० च्या महापालिका निवडणुकीत या शहरातले निम्मे मतदारही केंद्रावर आले नाहीत. स्वतःचा नगरसेवक निवडायला जे उंबरा ओलांडत नाहीत ते दुसऱ्याच्या मैदानासाठी ओलांडतील, हा आशावाद वक्त्यांना लखलाभ.

माझे खरे भांडण लॉस एंजेलिसच्या दाखल्याशी आहे. ती गोष्ट त्यांनी १९५८ पासून सांगितली. ती १९५० पासून सांगावी लागते, आणि तशी सांगितली की टाळ्या वाजत नाहीत.

शहराच्या मधोमध, टेकड्यांच्या कुशीत चावेझ रव्हीन नावाचा भाग होता. पालो व्हर्डे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या, राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे कष्टकरी. घरे साधी, पण पुष्कळांची स्वतःची. १९५० च्या जुलैत त्यांना पत्रे आली: इथे सरकारी घरकुले बांधायची आहेत, जागा सोडा, नवी घरे तयार झाली की पहिला हक्क तुमचा. हजाराहून अधिक कुटुंबे हळूहळू उठली. मग शहराचे मन बदलले. सरकारी घरकुले म्हणजे समाजवाद, अशी हाकाटी झाली. जून १९५२ मध्ये घरकुल योजनेवर शहरभर मतदान झाले आणि शहराने ती नाकारली. कायद्याने ते मतदान बंधनकारक नव्हते, पण १९५३ मध्ये घरकुलांना विरोध करणारा महापौर निवडून आला आणि योजना मोडीत निघाली. उठवलेल्यांना घरे मिळाली नाहीत ती नाहीतच. रिकामी झालेली जमीन शहराने विकत घेतली ती ‘सार्वजनिक कामासाठीच वापरू’ या अटीवर. तेवढ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला डॉजर्स हा बेसबॉल संघ पश्चिमेकडे यायला निघाला होता. संघमालकाला मोठी जागा हवी होती, आणि शहराकडे ती आयतीच मोकळी पडलेली होती. एका खासगी मालकाचे स्टेडियम हे सार्वजनिक काम कसे, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. उत्तर म्हणून मतदान आले.

३ जून १९५८. प्रश्न एवढाच की शहराने संघमालकाशी केलेला करार मान्य आहे का. मतदानाच्या दोन दिवस आधी टीव्हीवर तासन्‌तास प्रचाराचा कार्यक्रम झाला, त्यात सिनेमातले तारे आले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. निकाल लागला तो जवळजवळ ५२ विरुद्ध ४८ असा, सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने. याला आमचे वक्ते ‘शहराचा आवाज’ म्हणतात.

हा आवाज कुणाचा? उठवलेल्यांपैकी जे शहरातच दुसरीकडे राहिले त्यांनाही मत होते, असे वक्ते म्हणतील. होते ना! साडेसहा लाखांवर मतांमध्ये होते. ज्याचे अंगण गेले त्याचे एक मत, आणि ज्याला रविवारी सामना बघायला जागा हवी आहे त्याचेही एकच. अशा मोजणीला समता म्हणता येते, न्याय म्हणताना जीभ अडखळते. त्यातून १९५८ पर्यंत त्या टेकड्यांवर वीसेक कुटुंबेच उरली होती. म्हणजे मतपत्रिका छापल्या गेल्या तेव्हा ज्यांना विचारायचे ते जवळजवळ सगळे आधीच घालवून झाले होते. मोकळी जमीन आहे, काय करू या, असे शहराला विचारले गेले. ती मोकळी कशी झाली, हे मतपत्रिकेवर नव्हते. आणि तेच शहर सहा वर्षांपूर्वी घरकुलांना ‘नाही’ म्हणाले होते! दोन्ही कौल रीतसर, आणि दोन्ही वेळा हरणारी माणसे तीच.

बरे, वाद मिटला म्हणता, तर तोही नाही. मतदानानंतर दीडेक महिन्यात कनिष्ठ न्यायालयाने करार अडवला, जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवला, आणि मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना शेरीफच्या माणसांनी घरातून उचलून बाहेर काढले, तेही कॅमेऱ्यांसमोर. स्टेडियम उघडले १० एप्रिल १९६२ ला. अमेरिकेचाच दाखला हवा होता तर कॅन्सस सिटीचा द्यायचा. तिथे एप्रिल २०२४ मध्ये स्टेडियमसाठीचा कर लोकांनी मतदानात फेटाळला. पण तिथे ‘नाही’ जिंकले, म्हणून तो व्याख्यानात आला नसावा.

मला मतदानाचा तिटकारा आहे असे कुणी समजू नये. यादी कुणी केली आणि तीत कोण आहे, हे आधी कळू द्या, एवढेच माझे म्हणणे आहे. मराठी माणसाला हे नव्याने सांगावे लागते याचे नवल वाटते. गोव्याचा जनमत कौल घ्या. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१, दोन पाने जिंकली. त्या निकालावर आमच्या घरांत अजून आवाज चढतात, पण मतदानाआधीचे भांडण आठवणारे कमी. नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे की नाही, यावर ते होते. दिले गेले नाही. योग्य की अयोग्य, यावर दोन्हीकडून बोलता येईल; पण त्या वेळच्या पुढाऱ्यांना कळत होते की लढाई पेटीपाशी नसते, यादीपाशी असते.

आणि आमचे स्वतःचे १९५६? हैदराबाद राज्य मोडले, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मुसीच्या काठी राहिलो. ‘आम्हाला कुणी विचारले नाही’ हे रडगाणे या शहरातल्या मराठी माणसांनी तीन पिढ्या गायले आहे. एका जुन्या बैठकीत मी विचारले होते, विचारायचे तर कुणाला? सगळ्या हैदराबाद राज्याला विचारले असते तर तेलुगू आणि कन्नड जिल्ह्यांनी परभणी-बीडचे ठरवले असते. फक्त पाच जिल्ह्यांना विचारले असते तर हैदराबादेतला मराठी पुन्हा यादीबाहेरच. तेव्हा मला उत्तर मिळाले नाही, चहा मिळाला. पुढे मेट्रोचा मार्ग सुलतान बाजारातून नेण्याचा वाद पेटला तेव्हा तीच मंडळी दुसऱ्या टोकाला होती. दुकानदार बोंबलणारच, प्रवाशांचे बहुमत बघा, असे म्हणत होती. यादी सोयीप्रमाणे लांबते आणि आखडते. असो.

रायगडचा प्रसंग तर अगदी जमिनीचाच. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत महामुंबई सेझबद्दल शेतकऱ्यांचे मत प्रशासनाने घेतले. देशात हे नवलच होते, आणि मी त्याचे कौतुकच करतो. यादी जमीनधारकांची होती, म्हणजे निदान ज्याचे जाणार त्याला विचारले. शेतमजूर बाहेरच राहिले. आणि निकाल? सरकारने तो अधिकृतपणे जाहीरच केला नाही. ते सेझ तिथे झाले नाही हे खरे, पण ते रस्त्यावरच्या आंदोलनाने आणि मुदती उलटल्याने. कौल बांधील नसेल तर ते नुसते सर्वेक्षण होते, एवढी एक ओळ वक्त्यांनी आपल्या टिपणात लिहून घ्यावी.

उलटे उदाहरण महालक्ष्मीचे. मुंबईतले २११ एकरांचे रेसकोर्स, जमीन सरकारची आणि महापालिकेची, भाडेपट्टा २०१३ लाच संपलेला. १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचे, बाकी क्लबकडे ठेवायचे, या प्रस्तावावर जानेवारी २०२४ मध्ये मतदान झाले. ५४० विरुद्ध १६८. मुंबईकरांनो, तुमची मते आकड्यात शोधू नका. मतदार होते क्लबचे सभासद. जमीन शहराची आणि कौल क्लबाचा! उद्या आमच्या मलकपेठच्या रेसकोर्सचा प्रश्न निघाला तर वक्ते कुणाची यादी घेणार? घोडेवाल्यांची, चादरघाटापर्यंत वाहतुकीत अडकणाऱ्यांची, की माधापूरच्या पंधराव्या मजल्यावरून बटण दाबणाऱ्यांची?

सिकंदराबादचे बायसन पोलो मैदान घ्या. २०१७ मध्ये तिथे नवे सचिवालय बांधायचे घाटत होते. फिरायला जाणारे, खेळणारे, निवृत्त फौजी सगळे उठले, आणि शेवटी सचिवालय जुन्याच जागी झाले. मैदान संरक्षण खात्याचे. छावणीची मतदारयादी महापालिकेपेक्षा वेगळी, आणि त्या यादीतून लष्करी जमिनीवर अतिक्रमण करून राहतात म्हणून हजारो नावे वगळली गेलेली. म्हणजे जमिनीशी ज्यांचे पोट बांधलेले, ते त्या जमिनीमुळेच मताला मुकले. गचीबोलीचेही तसेच. झाडांसाठी जी मुले उभी राहिली त्यांतली कितीतरी बाहेरगावची, त्यांची नावे आपापल्या गावच्या यादीत. वक्त्यांच्या सार्वमतात त्यांना प्रवेश नाही. हरणांना आणि मोरांना नाहीच, त्यांच्याकडे ओटीपीची सोय नसते.

मग करायचे काय, असे विचारले जाईल, आणि ते विचारणे रास्त आहे. माझे उत्तर वक्त्यांच्या व्याख्यानाइतके चकचकीत नाही. प्रश्न छापण्याआधी यादी छापा. त्या जमिनीवर राहणारे, राबणारे, खेळणारे, तिच्या कडेला दुकान मांडणारे आधी, लगतचे वॉर्ड त्यानंतर, उरलेले शहर शेवटी, आणि पहिल्या गटाने ‘नाही’ म्हटले तर शेवटच्याच्या ‘होय’ने ते बुडू नये. यादीवर हरकती घेऊ द्या. हे परदेशातून आणायला नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची. त्याच वर्षी ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि तो चालला. ती बाराच गावे का निवडली यावर तिथेही वाद झाला, पण जे बसले होते ते डोंगरावरचेच होते. सरकारच्या स्वतःच्या मैदानाला मात्र ही संमती लागत नाही, ती लागावी. दुसरे, मैदान विकू नये, भाड्याने द्यावे, आणि ज्या कामासाठी दिले ते झाले नाही तर त्याच यादीला पुन्हा विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला लावू नये. एवढेच. याहून अधिक तपशील माझ्याकडे तयार नाही, आणि तो एकट्याने तयार करायचाही नसतो.

राहिला त्यांचा शेवटचा आक्षेप, की अशाने फार उशीर होईल. गचीबोलीचे हेच ४०० एकर ऑगस्ट २००३ मध्ये तेव्हाच्या सरकारने क्रीडा अकादमी आणि स्टेडियमसाठी एका खासगी कंपनीला देऊ केले होते, विमानतळाकडच्या मामिडीपल्लीचे आणखी ४५० एकर सोबत. यादी नाही, मतदान नाही, सगळे झटपट. २००६ मध्ये पुढच्या सरकारने ते रद्द केले, आणि त्या रद्द करण्यावर शेवटचा शिक्का बसला २०२४ मध्ये. त्या जमिनीवर आजवर एकही सामना झालेला नाही. जामबाग वॉर्डापुरती अशी एक यादी करून बघायला सहा महिने लागतील, फार तर आठ, आणि वक्ते पुढच्या खेपेला अमेरिकेला जाणार नसतील तर घरोघर फिरायला त्यांनीच सोबत यावे.