तिथीची वही

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत गेलेलं माणूस वर्षातून तीनदा समोर येतं: तारखेला, तिथीला आणि पितृपक्षात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते, अधिकमास आला की एकदम पुढे जाते. तारखेला मन तयार असतं, तिथीला गाफील सापडतं.

त्या दिवशी मी वही काढते. "कशाला उकरून काढतेस?" म्हणतात लोक. मला नाही पटत. संकल्पात आईचं नाव-गोत्र येतं. पोह्यांवर जीरावन टाकताना ती काय पुटपुटायची, ते कुठे येतं? रागही लिहिते, औषधं चुकवायची त्याचा. श्राद्धाच्या पंगतीत तो बोलायची सोय नाही!

अमेरिकेत पेनेबेकर यांनी १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस मनातलं दुःख लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच मन जडच झालं. पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. म्हणून सांगते, लिहून रडू आलं तर वही मिटू नका.

मुलं म्हणतात, हिंदीत लिही, आम्हाला वाचायला सोपं. पण हिंदीत मला आई ऐकूच येत नाही.