घरची हत्यारे, घरची सायकल

मुलाने पुस्तक मिटून हाती कानस घेतली की आमच्या सुशिक्षित घरांतून चिंता पसरते. "सायकल बाजारात तयार मिळते, मग पडवीत लोखंडी पट्ट्या ठोकून ती जुळविण्याचा खटाटोप कशास?" असे वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या उदाहरणाने द्यावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत ओहायो संस्थानात डेटन नावाचे गाव आहे. तेथील राइट कुटुंबातील वडील मिल्टन हे धर्मोपदेशक. त्यांचा ग्रंथसंग्रह मुलांस सदैव मोकळा असे. आई सुसान ही गाड्या घडविणाऱ्या कारागिराची कन्या. हत्यारे चालविण्यात ती निपुण होती व मुलांची खेळणी स्वहस्ते करून देई. या घरात ग्रंथ पित्याकडून आले, तर हत्यारे मातेकडून. आणि दोहोंचा मान सारखाच राहिला.

विल्बर व ऑर्व्हिल या बंधूंनी १८९२ साली सायकलींचे दुकान घातले आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली घडवू लागले. मागणीप्रमाणे एकेक सायकल हाताने तयार होई. तेल टिकून राहील व धूळ शिरणार नाही असा चाकाचा हब त्यांनी स्वतः योजिला. दुकानातील यंत्रे फिरविणारे इंजिनही त्यांनीच बांधले. डावे पायडल चालता चालता सैल होऊन निखळते, हे पाहून त्यास उलटे आटे पाडण्याची युक्ती त्यांनी आपल्या सायकलींत आणली. आणि उत्तम सायकलीस नाव दिले ते आपल्या पूर्वजांचे, 'व्हॅन क्लीव्ह'.

१९०१ साली त्यांनी सायकलीच्या हँडलापुढे एक आडवे चाक बसविले, त्यावर लहान फळ्या लाविल्या, आणि वाऱ्याचा जोर अजमावण्यासाठी ती गावातून पिटाळली. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, तेव्हा त्याचे पंखेही सायकलीप्रमाणे साखळी व दातेरी चाकांनीच फिरत होते. भगिनी कॅथरिन हायस्कुलात लॅटिन शिकवी. १९०८ साली विमान कोसळून ऑर्व्हिल जायबंदी झाला, तेव्हा रजा घेऊन तिनेच त्याची शुश्रूषा केली.

आमच्या परंपरेस हे परके नाही. ऋग्वेदातील ऋभू हे तिघे बंधू. घोडे व लगाम यांवाचून चालणारा त्रिचक्र रथ त्यांनी घडविला, आणि हस्तकौशल्याच्या बळावर त्यांस देवत्व लाभले. यावरून वेदकाळी सायकल होती, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कारागिराच्या हातास ऋषींनी देवपंक्तीत स्थान दिले, एवढेच वाचकांनी ध्यानात घ्यावे. आम्ही मात्र खंडेनवमीस हत्यारांस हळदकुंकू वाहतो आणि उरलेले वर्षभर त्यांस हात लावण्याचा विटाळ मानतो!

तेव्हा मुलगा वा मुलगी जुना सांगाडा घेऊन बसली, तर वडिलांनी शेजारी बसावे. मापे आईने तपासावी, आजोबांनी पट्टी धरावी. कॅरिअर, साखळीचे झाकण, मडगार्डाचे टेकू ही कामे घरी सहज होतात. पुढचा चिमटा, ब्रेक व सांगाड्याचे सांधे यांवर जिवाचा भरवसा असतो; ते कुशल कारागिराकडूनच करवावे, आणि त्याचे काम मुलांस जवळून पाहू द्यावे.

अशी सायकल बाजारच्या सायकलीहून स्वस्त पडेलच असे नाही, आणि सुबक तर बहुधा नसेल. परंतु पट्टी अर्ध्या सुताने आखूड कापली गेली, तर ती गोड बोलून लांब होत नाही; नवी कापावी लागते. सत्याचा हा पाठ शाळेत आम्ही शब्दांनी शिकवितो, लोखंड तो हाताने शिकविते. तो घरच्या माणसांच्या सोबतीने मिळावा, याहून अधिक मुलांस काय द्यावे?