मुलाला गोळी, मग कुत्र्याला का नाही?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांविषयी दिलेल्या आदेशात तीन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या: निर्बीजीकरण, जंतनिर्मूलन आणि लसीकरण. देशभर वाद रंगला तो कुत्र्यांना सोडावे की कोंडावे यावर. जंतनिर्मूलनाचा विषय मात्र फारसा कोणाच्या तोंडी आला नाही. वास्तविक लहान मुलांच्या आरोग्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु तो माणसाच्या आतड्यांतील जंतांसाठी आहे. कुत्र्याच्या पोटातील गोलकृमी निराळा. त्याची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात, काही आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि दीर्घकाळ तग धरतात. मातीत खेळलेले हात तोंडात गेले की ती मुलाच्या पोटात पोहोचतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या माणसात पूर्ण वाढत नाहीत. त्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांतही शिरतात आणि दृष्टीला इजा करू शकतात. आतड्यात हा जंत अंडी घालत नसल्याने शौचाच्या तपासणीत तो सापडत नाही. शाळेतील एका गोळीनेही हा प्रश्न सुटत नाही.

घरचा कुत्रा स्वच्छ राहतो, म्हणून त्याला जंत नसतील, हा समजही खोटा आहे. हा गोलकृमी पिल्लाला आईच्या गर्भातच मिळू शकतो. म्हणूनच दोन आठवड्यांच्या वयापासून पिल्लाला आणि पुढे साधारणतः दर तीन महिन्यांनी मोठ्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध द्यावे लागते. मात्रा वजनावर ठरते. माणसाची गोळी अंदाजाने देणे योग्य नव्हे. गोलकृमीची ताजी अंडी लगेच संसर्ग करीत नाहीत, त्यामुळे विष्ठा त्याच दिवशी उचलली तरी मोठा धोका टळतो. बोकड-मेंढीचे कच्चे यकृत वा फुप्फुस कुत्र्याला घालण्याची सवयही सोडली पाहिजे. त्यातील गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. अनेकदा शस्त्रक्रियेवाचून त्या निघत नाहीत.

माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकच, हे तत्त्व शासनाला मान्य आहे. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ मध्ये नागपुरात झाली. मात्र हे तत्त्व गल्लीबोळांपर्यंत पोहोचायला हवे. निर्बीजीकरणासाठी पकडलेल्या कुत्र्याला जंतनाशक देणे मुळीच अवघड नाही. पण तो पुन्हा त्याच मातीत परततो, म्हणून एका मात्रेवर थांबून भागणार नाही. आरोग्य विभागाच्या जंतनाशक दिनाला पशुसंवर्धन विभागाच्या मोहिमेची जोड मिळावी आणि दोन्हींचे वेळापत्रक एकच असावे. मुलाने गोळी घेतली आणि अंगणातील माती तशीच राहिली, तर काम अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.