पोटमाळ्यावर चढलेला माणूस

इंग्लंडमध्ये घर विकत घ्यायचं ठरवलं की तीन माणसांशी गाठ पडते. एजंट, वकील आणि सर्व्हेअर. पहिला गोड बोलतो, दुसरा आठवडेच्या आठवडे बोलतच नाही, आणि तिसरा फक्त वाईट तेवढं बोलतो. यातल्या तिसऱ्याला दिलेले पैसे सगळ्यात सत्कारणी लागतात असं माझं मत आहे.

सर्व्हेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोजणी खात्याचा, साखळी घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस येतो. इथला हा प्राणी वेगळा. घर घेणारा पैसे देऊन त्याला बोलावतो आणि तो कौलांपासून गटारापर्यंत सगळं तपासून अहवाल देतो. प्रत्येक गोष्टीला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. लाल म्हणजे ताबडतोब बघा, नाहीतर पस्तावाल.

आम्ही घर बघत होतो तेव्हा मी सर्व्हेअरच्या मागे मागे फिरायची परवानगी मागून घेतली. (सवय. कुणी काही मोजायला लागलं की मला शेजारी उभं राहायचं असतं.) साठीच्या आसपासचे गृहस्थ. विटांचं, शंभरेक वर्षांचं, दोन्ही बाजूंना चिकटलेलं चाळवजा घर. गृहस्थ आत आले, वरच्या बेडरूममध्ये एक नजर टाकली, आणि बाकी काहीही न बघता आधी शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. मी खालून विचारलं, इतकी घाई कसली? ते म्हणाले, "या खोलीतलं धुरांडं कुणीतरी काढून टाकलंय. मग त्याचा वरचा भाग कशावर उभा आहे?"

त्याचं असं आहे. इथल्या जुन्या घरांत कोळशाच्या शेगड्या असायच्या. शेगडीपासून थेट छपराच्या वरपर्यंत विटांचं धुरांडं जायचं, आणि प्रत्येक खोलीत भिंतीतून हातभर पुढे आलेलं दिसायचं. कोळसा गेला, गॅस आला. लोकांना वाटलं, ही जागा फुकट कशाला घालवायची? मग खोलीतला भाग तोडला, गिलावा केला, कपाट बसवलं. पण वरचा भाग? पोटमाळ्यातल्या आणि छपरावरच्या विटा तशाच राहिल्या. टनांच्या हिशेबातलं वजन, आणि खाली आधार नाही. कुणी शहाण्याने लोखंडी तुळई घातली असेल तर ठीक, नाहीतर जुन्या चुन्याच्या भरवशावर सगळं लटकलेलं.

गृहस्थांनी खाली उतरून मला एक खटला सांगितला. 'स्मिथ विरुद्ध एरिक बुश'. नॉरिचमधल्या एका साध्या घराची पाहणी झाली. पाहणी कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी होती, फी मात्र घर घेणाऱ्या बाईंनी भरली होती, चाळीस पौंडांपेक्षाही कमी. महत्त्वाची दुरुस्ती काही नाही, असं अहवालात लिहिलं होतं. बाईंनी घर घेतलं. दीडेक वर्षांनी धुरांड्याच्या विटा छप्पर फोडून आत आल्या. खालचा भाग काढलेला होता, आणि वरच्याला आधार आहे का हे कुणी बघितलंच नव्हतं. अहवालाच्या खाली 'आमच्यावर कसलीही जबाबदारी नाही' असं छापलेलं होतं. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की साध्या घराच्या बाबतीत असं नुसतं छापून सुटका होत नाही, घर घेणाऱ्याचं नुकसान भरून द्या.

मला गंमत वाटली ती वेगळीच. हे गृहस्थ काही वकील नव्हेत. त्यांना हा खटला त्यांच्या पहिल्या साहेबाने सांगितला होता, त्यांनी तो हाताखालच्या पोरांना सांगितला, आणि आज एका मराठी गिऱ्हाइकालाही सांगितला. एका माणसाने एकदा केलेली चूक आता सबंध धंद्याच्या अंगात मुरली आहे. खोलीत धुरांडं दिसलं नाही की पाय आपोआप शिडीकडे वळतात.

दुसरा धडा ओलीचा. सर्व्हेअरच्या खिशात दोन टोकदार पिना असलेलं एक यंत्र असतं. भिंतीत टोचलं की आकडा येतो, आकडा मोठा असला की यंत्र किंचाळतं. ओल! आणि ओल म्हटली की हजारो पौंडांचं काम, भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं, नवा गिलावा करायचा. पण हे यंत्र पाणी मोजतच नाही. ते दोन पिनांमधून वीज किती सहज वाहते ते मोजतं, आणि त्याचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. जुन्या गिलाव्यात क्षार साठलेले असले, वॉलपेपरमागे धातूचा पातळ कागद असला, तर कोरडी भिंतसुद्धा ओली 'दिसते'. आमच्या गृहस्थांनी आकडा बघितला, मान हलवली आणि सरळ बाहेर गेले. बाहेर पन्हळ फुटलेली होती आणि अंगणातली माती भिंतीला टेकून वर चढली होती. "यंत्र फक्त सांगतं की इथे बघ. काय बघायचं ते सांगत नाही," ते म्हणाले. भिंतीतल्या ओलीवर इथल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची छोटी पत्रकं कित्येक दशकं फिरताहेत. तरी यंत्राच्या आकड्यावर निदान करणारे लोक इतके होते की २०२२ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड, सर्व्हेअरांची संस्था आणि ओल घालवणाऱ्या ठेकेदारांची संस्था या तिघांना एकत्र बसून जुन्या घरांतली ओल कशी तपासावी यावर संयुक्त निवेदन काढावं लागलं. तिघांची तोंडं एरवी तीन दिशांना असतात, म्हणून मला याचं जास्त कौतुक.

आणि काही माहिती अशी की गाव सोडलं की तिला कुणी विचारत नाही. कॉर्नवॉलमध्ये खाणीतल्या टाकाऊ दगडापासून केलेले काँक्रीटचे ठोकळे जुन्या घरांत आहेत. त्या दगडातलं गंधक हळूहळू ठोकळा आतून पोखरतं. तिथल्या सर्व्हेअरला हे पहिल्या दिवशी कळतं, तुकडा काढून तपासून घेतल्याशिवाय तिथे कर्ज मिळणं अवघड. लंडनहून गेलेल्याला रंग लावलेली छान भिंत दिसेल.

हे वाचून इंग्लंडात सगळं आलबेल आहे असा समज करून घेऊ नका. इथे एक फार चांगली कल्पना सरकारने स्वतःच्या हाताने मोडली. २००४ च्या गृहनिर्माण कायद्यात ठरलं की घर विकणाऱ्यानेच आधी कागदपत्रांचा एक संच तयार करायचा. त्यात घराच्या अवस्थेचा अहवाल ठेवायचा विचार होता, आणि तो तयार करायला 'होम इन्स्पेक्टर' नावाचा नवा व्यवसाय उभा राहिला. शिक्षक, पोलीस, बांधकामातले कारागीर, कुणीकुणी पदरचे पैसे घालून ही पदविका घेतली. सगळे अहवाल एका नोंदवहीत जमा करायची तरतूद कायद्यातच होती. जुलै २००६ मध्ये सरकारने जाहीर केलं की हा अहवाल सक्तीचा नाही. झालं. संच २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, पण त्याचा आत्माच काढून. २०१० च्या मे महिन्यात नव्या सरकारने तोही गुंडाळला. उरलं काय, तर ऊर्जेचा दाखला. त्याची नोंदवही आजही आहे आणि कुणीही उघडून कुठल्याही घराला 'अ' मिळाला की 'ई' ते बघू शकतो. स्कॉटलंडने मात्र डिसेंबर २००८ पासून विकणाऱ्याला अहवाल सक्तीचा केला आणि तो चालू आहे.

होम इन्स्पेक्टरांच्या नोकऱ्या बुडाल्या हे वाईटच. पण ती नोंदवही मेली याची हळहळ मला जास्त वाटते. विचार करा, एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेल्या दोनशे घरांचे अहवाल एकाच जागी. विसाव्या घरात जी भेग दिसली ती एकविसाव्या घरात शोधायची हे कुणी शिकवावंच लागलं नसतं.

हे मला ठाण्याच्या एका जिन्यामुळे सुचलं.

आईबाबा राहतात ती इमारत ऐंशीच्या दशकातली. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढे गेलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. बाबा कमिटीत आहेत. ऑडिट झालं, अहवाल आला, बाबांनी तो मला पाठवला. "तू डॉक्टर ना, मग बघ." हातोड्याने ठोकून घेतलेले काँक्रीटचे आकडे, फोटो, शेवटी खर्चाचा अंदाज. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालच्या खांबांबद्दल दोन ओळी, त्याही मोघम. पुढच्या फोनवर बाबांनी सहज सांगितलं की शेजारच्या सोसायटीत नेमके तेच खांब आतून गंजलेले निघाले, सळया पेन्सिलीएवढ्या उरल्या होत्या. तोच बिल्डर, तेच वर्ष, बहुधा तीच वाळू. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, आणि बाबांना ती कळली जिन्यात भेटलेल्या एका पाहुण्याकडून! शेजारचा अहवाल सेक्रेटरींच्या कपाटात. आमच्या इंजिनिअरने तो बघितला नव्हता, कारण मागितला नव्हता, कारण तो असल्याचंच त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्यांनीही बोभाटा केला नाही, कारण फ्लॅटचे भाव पडतील.

यात इंजिनिअर नालायक आहे असं मी म्हणत नाही. तो एकटा आहे, एवढंच. आपल्याकडे ऑडिट करणारा प्रत्येक माणूस पहिल्यापासून शिकतो आणि शिकलेलं स्वतःच्या फायलीत ठेवून निवृत्त होतो. मुंबईत तर अहवाल हे भांडणाचं हत्यार झालं आहे. मालकाचा इंजिनिअर म्हणतो इमारत 'सी-१', म्हणजे पाडा. भाडेकरूंचा म्हणतो दुरुस्तीने भागेल. महापालिकेला अशा परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करायला तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली. त्या समितीपुढे आलेल्या इमारतींत इंजिनिअरांना शिकण्यासारखं किती असेल! ते धडे, मालकाभाडेकरूंची नावं गाळून, तरुण इंजिनिअरांच्या हातात नियमाने पडायला काय हरकत आहे?

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं, त्यात खांबांना हात लावला असा आरोप झाला. वाचताना मला नॉरिचचं धुरांडं आठवलं. खालचं काढायचं आणि वरचं आपोआप राहील असं समजायचं, गोष्ट तीच. पण तिथल्या खटल्यानंतर सर्व्हेअर शिडी चढायला शिकले. घाटकोपरनंतर किती ऑडिटवाले आधी तळमजल्याच्या दुकानाचं शटर उघडायला लावतात, दुकानदार "नंतर या" म्हणाला तर किती जण अहवालात तसं स्पष्ट लिहितात? मी ओळखीच्या दोघातिघांना विचारलं. दुकान बंद होतं म्हणून बघितलं नाही, हे नेहमीचंच, असं उत्तर मिळालं.

कोर्टाचा धडा पक्का बसतो, पण तो विटा पडल्यानंतरचा. पडायच्या आधीचा मार्ग ब्रिटनमध्ये २००५ पासून आहे. 'क्रॉस' नावाची योजना. विमानवाल्यांकडून उचललेली कल्पना. कुणाही इंजिनिअरने आपल्याला दिसलेला दोष, अगदी स्वतःची चूकसुद्धा, गुपचूप कळवायची. नाव, गाव, इमारत सगळं पुसून जाणकारांच्या टिप्पणीसह ती हकीकत प्रसिद्ध होते. २०१८ मध्ये केंटमधल्या एका प्राथमिक शाळेचं छप्पर कोसळलं. सुदैवाने शनिवार-रविवार होता. ते छप्पर 'राक'चं, म्हणजे ढोकळ्यासारख्या जाळीदार हलक्या काँक्रीटचं. २०१९ च्या मे महिन्यात क्रॉसच्याच मंडळींच्या समितीने सगळ्यांना इशारा दिला. सरकारने शंभराहून जास्त शाळांचे भाग बंद केले ते ऑगस्ट २०२३ च्या शेवटी. मध्ये चार वर्षं गेली. आणि खरं तर याच काँक्रीटबद्दल बिल्डिंग रिसर्चवाल्यांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवलं होतं.

अ‍ॅबर्डीनच्या टॉरी भागातल्या लोकांना विचारा. नगरपालिकेची घरं होती, कित्येकांनी पुढे विकत घेतलेली. छप्पर राकचं निघालं, आणि २०२४ मध्ये पालिकेने ती पाडायचं ठरवलं. घर घेताना आमच्या अहवालात यातलं अक्षर नव्हतं, असं तिथल्या मालकांचं म्हणणं. आणि हे त्या स्कॉटलंडमध्ये, जिथे अहवाल सक्तीचा आहे! म्हणजे पत्रक छापलं की काम झालं असं नाही. छताचा पत्रा उचकटून आत बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी ते पत्रक असावं लागतं. ते काम शेवटी त्या गृहस्थांच्या पहिल्या साहेबासारखे लोकच करतात.

तरीही आपल्याकडे क्रॉससारखं काही हवं, आणि ते सरकारने नव्हे, इंजिनिअरांच्या संस्थांनीच चालवावं असं मला वाटतं. सरकारी पेटीत स्वतःची चूक टाकायला कोण धजेल? तोवर निदान शेजाऱ्याला अहवाल दाखवायला कुणाची ना नाही.

बाबांना मी तेच सांगितलं. आधी "आपलं शेजारच्यांशी पार्किंगवरून वाजलंय" म्हणाले. मग एका रविवारी आमच्या अहवालाची झेरॉक्स घेऊन स्वतःच त्यांच्या सेक्रेटरींकडे गेले, चहा पिऊन आले आणि त्यांच्या अहवालातली खांबांची सहा पानं घेऊन आले. आमच्या इंजिनिअरने ती पानं बघितली आणि दुसऱ्या दिवशी टाकीखालचा गिलावा फोडायला माणूस पाठवला. चारांपैकी दोन खांब गंजलेले निघाले. काम सुरू झालं आहे. झेरॉक्सचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, यावर कमिटीत अजून एकमत झालेलं नाही.