पळवाट म्हणजे लबाडी नव्हे

आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आलेल्या घरांतून नातवंडांविषयी जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते ती संगणकावरील खेळांची. तिच्यात आता एका कलमाची भर पडली आहे. मुले नुसती खेळत नाहीत, तर तो खेळ कमीत कमी वेळात संपविण्याच्या शर्यती लावतात आणि त्यासाठी खेळातील उणिवांचा फायदा घेऊन टप्पेच्या टप्पे गाळतात. या प्रकारास स्पीडरनिंग म्हणतात. त्यावर आमच्या पिढीचा निकाल ठरलेला आहे : ही शुद्ध लबाडी असून, ज्यांना खेळातच आडवाटेची सवय लागते ते पुढे संसारातही आडवाटच धरतील. हा निकाल कागदपत्रे न पाहता दिलेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ मध्ये आला. त्यात ३२ टप्पे आहेत. खेळाच्या कर्त्यांनीच त्यात काही चोरवाटा ठेवल्या असून त्यांतून गेल्यास अवघ्या ८ टप्प्यांत शेवट गाठता येतो. ज्या वर्गात ‘शेवट गाठा’ एवढीच अट असते त्यास ‘एनी पर्सेंट’ म्हणतात. खेळाचा कितीही टक्के भाग पुरा केलेला चालेल, असा त्याचा अर्थ. या वर्गात निफ्टस्की हे टोपणनाव घेणाऱ्या खेळाडूने २०२१ मध्ये ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आतील वेळ सर्वप्रथम नोंदविली. परंतु त्याच खेळात चोरवाटा वर्ज्य करून बत्तीसही टप्पे पार करण्याचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यातील उत्तम वेळ १९ मिनिटांच्या आसपास असते. पाच मिनिटांचा विक्रमवीर एकोणीस मिनिटांच्या विक्रमवीरास हरवीत नाही. दोघांच्या शर्यती वेगळ्या, याद्या वेगळ्या, आणि दोहोंचे नियम आधीच लिहून ठेवलेले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) या खेळात एकूण १२० तारे मिळवावयाचे असतात. अखेरच्या लढतीस जाण्यासाठी किमान ७० लागतात. ते नसल्यास वाटेत एक जिना येतो, तो कितीही चढला तरी संपत नाही. खेळाडूंनी असे शोधून काढले की, मारिओला पाठमोरा ठेवून लांब उड्या मारवीत राहिल्यास त्याचा वेग बेसुमार वाढतो आणि न संपणारा जिनाही संपतो. ही खेळाच्या आज्ञावलीतील चूक होती, आणि निन्टेन्डोने १९९७ च्या सुधारित जपानी आवृत्तीत ती दुरुस्तही केली. आमच्या पिढीने येथे ‘पळवाट बंद करावी’ असा शेरा मारून फाईल मिटली असती. खेळाडूंनी तसे केले नाही. त्यांनी १२०, ७०, १६, १ आणि ० तारे असे पाच वर्ग पाडले. शून्य ताऱ्यांच्या वर्गात ती उडी उघडपणे मान्य आहे आणि पटाईत खेळाडू साडेसहा मिनिटांच्या आत खेळ संपवितो. ज्याला सर्व तारे गोळा करण्यात गोडी वाटते त्याच्यासाठी दीड तासाहून अधिक काळ चालणारा १२० चा वर्ग आहेच. कोणी कोणास खोटे ठरविलेले नाही.

आता लबाडी कशास म्हणावे ते पाहू. २००३ च्या सुमारास ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा खेळ सुमारे ११ मिनिटांत संपविल्याची एक चित्रफीत जगभर हातोहाती फिरली. तिचा कर्ता मोरिमोटो या नावाने ओळखला जातो. पाहणारे थक्क झाले. पुढे कळले की, ती एका दमात खेळलेली नव्हती. खेळ मंद करून, चुकल्यास मागे जाऊन, क्षणाक्षणाची हालचाल साधनांच्या मदतीने रचलेली होती. मग लोक संतापले आणि ‘फसवणूक’ अशी ओरड झाली. वास्तविक कर्त्याने आपली रीत लपविलेली नव्हती. चित्रफीत मात्र त्या खुलाशावाचून फिरत राहिली. आज अशा साधनसाहाय्यित कृतींचा वेगळा वर्ग आहे, त्याचा स्वतंत्र संग्रह आहे, आणि माणसाच्या हाताने खेळलेल्या विक्रमांशी त्यांची तुलना होत नाही. तीच कृती ओळखचिठ्ठीवाचून आली तेव्हा फसवणूक ठरली, आणि चिठ्ठी लावताच अभ्यासाचा विषय झाली. आमचा सारा युक्तिवाद या एका उदाहरणात आहे.

खरी लबाडीही या क्षेत्रात झाली, आणि तिला क्षमा झालेली नाही. ‘ड्रॅगस्टर’ (१९८०) या शर्यतीच्या खेळात टॉड रॉजर्स यांच्या नावे १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता. गिनेसच्या ग्रंथानेही तो मानला होता. त्या खेळाच्या आज्ञावलीचे बारकाईने विश्लेषण झाले तेव्हा दिसून आले की, ५.५७ सेकंदांहून कमी वेळ त्या खेळात शक्यच नाही. २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तो विक्रम रद्द केला. पस्तीस वर्षांची प्रतिष्ठा आकड्यापुढे टिकली नाही. तसेच डिसेंबर २०२० मध्ये ‘माइनक्राफ्ट’ खेळातील ड्रीम या अतिशय लोकप्रिय खेळाडूची नोंद तपासनिसांनी नामंजूर केली. त्याला लागोपाठ लाभलेले नशीब गणिताने अशक्यप्राय आहे, असे त्यांनी २९ पानी अहवालात मांडले. हे तपासनीस बिनपगारी स्वयंसेवक होते आणि समोरच्याच्या मागे लक्षावधी चाहते होते. २०२१ च्या मे महिन्यात ड्रीमने खेळात फेरफार झालेला होता हे मान्य केले. तो आपण जाणूनबुजून केला नसल्याचेही त्याने सांगितले. एवढ्या दडपणाखाली इतका सविस्तर आणि सकारण अहवाल आमच्या सेवाकाळात आमच्या वाचनात क्वचितच आला.

आमची उमेदीची वर्षे शासकीय सेवेत नियम लावण्यात आणि नियमांना दिलेली बगल हुडकण्यात गेली. त्या अनुभवाच्या बळावर आम्ही म्हणतो की, पळवाट काढणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. एकजण पळवाट काढतो आणि कागदावर मात्र राजरस्त्याने आल्याचे दाखवितो. त्याचा लाभ दुसऱ्या कोणाच्या तरी हक्कातून वजा होतो. दुसरा सांगतो की, येथे भिंतीला भोक आहे, मी त्यातून आलो, ते कसे सापडले ते हे पाहा. पहिल्यास शिक्षा झाली पाहिजे. दुसऱ्याने खरे तर बांधकामाची तपासणी करून दिलेली असते. खेळातली मुले या दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि आमची पिढी मात्र दोघांना एकाच आरोपपत्रात गोवते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. वर्ग वाढवीत गेले की ज्याला त्याला आपल्या सोयीची शर्यत मिळेल आणि जो तो अजिंक्य होऊन बसेल, असे काहीजण म्हणतात. हा धोका कागदावर खरा आहे. परंतु ज्या वर्गात दुसरे कोणी उतरत नाही त्यातील पहिल्या क्रमांकास त्या मंडळींत कोणी विचारीत नाही. जो वर्ग टिकतो तो त्यातील अवघडपणामुळे. ‘डूम’ (१९९३) या गोळीबाराच्या खेळात १९९० च्या दशकापासून ‘पॅसिफिस्ट’ नावाचा वर्ग चालत आला आहे; त्यात कोणत्याही शत्रूस इजा न करता बाहेर पडावयाचे असते. मारण्यासाठीच रचलेल्या खेळात न मारण्याची शर्यत लावणारी बुद्धी आम्हांस तरी विकृत वाटत नाही. ‘ऑकारिना ऑफ टाइम’ (१९९८) हा खेळ तर चुकांचा उपयोग करून आता ४ मिनिटांच्या आत संपतो, आणि त्यामुळे मूळ कथेचा जवळजवळ काहीच भाग पाहावयास मिळत नाही. ज्यांना हे रुचले नाही त्यांनी इतरांस शिव्या न देता चुकाविरहित खेळाचा आपला वर्ग चालू ठेवला. मतभेदानंतर दोन्ही पक्षांनी कामाला लागावे, ही गोष्ट आमच्या कित्येक संस्थांनी शिकण्याजोगी आहे.

उरला घाईचा आरोप. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये टप्पा संपल्यावर खेळ पुढे सरकतो तो दर २१ चित्रचौकटींनी, म्हणजे सुमारे एकतृतीयांश सेकंदाने. खेळाडू त्यास बसची उपमा देतात : थांब्यावर थोडे आधी पोचलात तरी बस आपल्याच वेळेला सुटणार, फायदा व्हावयाचा तर आधीची बस गाठली पाहिजे. त्या एका बससाठी माणसे एकच टप्पा हजारो वेळा खेळतात आणि वर्षे घालवितात. यास हट्ट म्हणा, वेड म्हणा. उतावीळपणा खचित म्हणता येणार नाही. आणि निरुपयोगीपणाचे म्हणाल, तर याच मंडळींच्या ‘गेम्स डन क्विक’ या मेळाव्यांनी २०१० पासून कर्करोग-प्रतिबंध आणि वैद्यकीय मदतकार्य यांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला आहे.

मुलांनी अभ्यास टाकून दिवसभर पडद्यापुढे बसावे, असे आमचे म्हणणे नाही. वेळेची मर्यादा घालण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार अबाधित आहे, आणि तो त्यांनी जरूर बजावावा. परंतु मर्यादा घालणे वेगळे आणि चारित्र्यावर शेरा मारणे वेगळे. नातू जेव्हा सांगेल की, आपण अमुक खेळ इतक्या मिनिटांत संपविला, तेव्हा ‘लबाडी केलीस’ म्हणण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे : कोणत्या वर्गात? त्याने सरळ उत्तर दिले आणि कोठे कोणती चूक वापरली तेही सांगितले, तर आपण त्याला प्रामाणिकपणा शिकविण्याची गरज नाही.